क्रमांक दोनशे एक्केचाळीस

पाच सेंटांचं पाकीट.
मेणकागद दातांनी फाडायचा,
च्युइंगगमची गुलाबी पट्टी बाजूला काढायची
(तिची पिठी पहिल्या खेळाडूच्या
गालाला लागलेली असायची)
मग श्वास धरून
अंगठ्यानं एकेक कार्ड सरकवायचं, सावकाश,
जसा बाबा शनिवारी पगाराचं पाकीट उघडायचा:
आधी कडा, मग आकडा.

मिनेसोटाच्या उत्तरेला, खाणीचं गाव.
लोखंडाची लाल धूळ उशीवर, पावावर,
चर्चच्या बाकांवर, आमच्या नखांत.
त्यामुळे सगळ्या कार्डांवर आमचे ठसे उठायचे
आणि कुठलं कार्ड कुणाकडून फिरत आलं
ते ठशावरून कळायचं.
मतियाचा अंगठा चमच्याएवढा.
माझ्या बहिणीचा, आयलीचा, ठसा कुठेच नसे.
ती कार्ड कडांनी धरायची
आणि आम्हा सगळ्यांपेक्षा तिच्याकडे जास्त होती.

त्या उन्हाळ्यात मला सहा वेळा निघाला
लाउरी कांगास.
राखीव पिचर. जिंकले तीन, हरले अकरा.
मागे, आकड्यांखाली, बारीक अक्षरात एक ओळ:
‘लाउरीला मासेमारीची आवड आहे.’
आणखी लिहिण्यासारखं काही सापडलं नसावं.
‘सहा कांगास घे, एक कॅचर दे,’ मी म्हटलं
तर मतिया इतका हसला
की सोडा त्याच्या नाकातून आला.
कांगास आमच्याच गावचा.
म्हणून तर राग जास्त.

ऑक्टोबरात मी दोरीवरचे चिमटे पळवले,
सहाच्या सहा कांगास सायकलला लावले,
तीन पुढे, तीन मागे,
असे की प्रत्येक आरा
जाता जाता त्यांना थोबाडीत मारेल,
आणि उताराला लागलो.
आधी फड, फड,
मग टरर्र,
मग नुसती सलग गुरगुर,
कुत्री अंगणाच्या टोकापर्यंत धावत आलेली.

तळाशी कोळशाचा ट्रक.
हंगाम संपला की गावातले खेळाडूसुद्धा
कामाला लागायचे, हे मला माहीत होतं,
म्हणजे ऐकून माहीत होतं.
मी ब्रेक दाबला.
चिमट्यातला चेहरा
आणि तोच चेहरा, फावड्याच्या मागे,
फक्त टोपीवर अक्षर नव्हतं
आणि भुवयांवर काजळी.

तो उकिडवा बसला. बघितलं.
‘इतकं आत नको लावू,’ म्हणाला,
‘आऱ्यांना नुसतं टोक लागू दे.
आवाज वाढतो, कार्डही टिकतं.’
एकेक चिमटा त्यानं सरळ केला.
‘किती आहेत?’
‘सहा.’ माझे कान पेटले होते.
‘माझ्याकडे एकपण नाही.
फोटो काढला त्या दिवशी पाच डॉलर दिले,
कार्ड कोण देतंय.’

मी पुढचं एक काढून दिलं, त्यातल्या त्यात कमी चेपलेलं.
त्यानं हात पँटला पुसले,
पँट हातांहून काळी होती,
आणि कार्ड कडांनी धरलं. आयलीसारखं.
उलटवलं. ओठ हलवत वाचलं.
‘मासेमारी?’ तो म्हणाला.
‘अरे, मला पाण्याची भीती वाटते.’

पुढे माझ्या कार्डांचं काय झालं ते सांगण्यासारखं नाही:
तळघर, बर्फ वितळण्याचे दिवस, घोटाभर पाणी.
आयलीची अजून आहेत, डुलूथला, कपाटात वरच्या खणात.
भाव विचारायला माणसं येतात,
ती त्यांना कॉफी देते आणि वाटेला लावते.
त्या दिवशी मी घरी येऊन सगळं सांगितलं
तर तिनं एवढंच विचारलं,
‘सही घेतलीस?’
नव्हती घेतली. ‘गाढवा,’ ती म्हणाली.

पण सायकल ढकलत मी पुन्हा वर गेलो होतो
आणि पुन्हा उताराला लागलो होतो.
पाचच होते आता.
आवाज खरंच वाढला होता.