राबाउल

काथोर मढवी परत आला तेव्हा
घणसोलीच्या बंदरावर कुणीतरी विचारलं, होतास कुठं?
तो म्हणाला, राबाउलला.
लोकांना ऐकू आलं, रबाळ्याला.
रबाळं म्हणजे बांधावरून चालत एक बिडीभर.
"आं? तीन वरसां रबाल्यान व्हतास
न् आय मेली तरी आला नाय?"

त्यानं दुरुस्त केलं नाही.
दोन्हीत राबणं आहेच, असं पुढं कधीतरी
माझ्या बापाला म्हणाला.

बाकीचं तुकड्यातुकड्यानं.
सिंगापुरात हत्यारं खाली ठेवली,
मग बोटीच्या पोटात किती दिवस, ते मोजले नाहीत,
आणि उतरवलं ते थेट धुमसत्या डोंगराखाली.
मऊ राखेची जमीन. कुदळ सहज जायची.
भुयारं खणली, दुसऱ्यांच्या बेटात,
तिसऱ्यांच्या तोफांसाठी,
चौथ्यांच्या बाँबपासून लपायला.
"हिशेब लाव," तो म्हणायचा, "यात माजा काय?"

बेट ज्यांचं होतं ते वर, उन्हात.
त्यांचे माड मोजून घेतले होते, होड्या मोजून, डुकरं मोजून.
आणि एका बाईला तिच्याच रताळ्याच्या वाफ्यात
कामाला लावलं होतं,
मागं बांबूची काठी घेऊन एक पोरगेला शिपाई.

तिचं नाव त्यानं विचारलं नाही.
तो तिला गो म्हणायचा, आपण कुणाही बाईला म्हणतो तसं.
ती हसायची.
जपान्यांच्या मोजणीत गो म्हणजे पाच,
आणि तिच्या रांगेत ती पाचवीच.

रोज सकाळी मोजणी. इची, नी, सान, शी.
चुकला त्याच्या कानशिलात.
काथोर चौथा. शी.
पलीकडून तिचा आवाज: गो.

सरीच्या टोकाला एक रताळं उकरायचं ती विसरायची.
पानाआड. रोज.

एका सकाळी पाचव्या जागी
दुसरीच कुणी बारीक आवाजात गो म्हणाली.
रात्री विमानं आली होती. किंवा आणखी काही.
सरीच्या टोकाला रताळं होतं, आदल्या दिवशीचं.
"खाल्ला मी," एवढंच तो दरवेळी
दोनदा म्हणायचा.

पुढं मिठागरात टोपल्या मोजताना
तेच आकडे तोंडात. शी म्हटलं की
पोरं नाक धरून खिदळायची.
चारावरून तो थेट सहावर जायचा.
मुकादमाच्या हिशेबात दर दहाला एक टोपली कमी.
चोर म्हणाला त्याला, सगळ्यांदेखत.
काथोरनं तेही दुरुस्त केलं नाही.

सत्तर साली नोटीस आली, जमिनी नव्या शहराला.
शाळेच्या पडवीत सभा. एक तरणा ओरडला,
ह्ये जपान्यांसारखाच झाला!
सगळ्या माना काथोरकडे वळल्या.
तो उठला. बराच वेळ नुसता उभा.
"नाय," म्हणाला. "तसा नाय."
आणि बसला.
मग पुन्हा अर्धवट उठून,
"पन मोजनीला येतील तवा मना बोलवा."

मोजणीदार आले. साखळी टाकली,
बांधाबांधानं खुंट्या ठोकत निघाले.
काथोर मागं मागं, धोतर खोचून,
चौथ्या खुंटीपर्यंत मोठ्यानं मोजत.
पाचवीशी खाली बसला
आणि खाजणाच्या ओल्या मातीत
कोपरापर्यंत हात घालून
काहीतरी चाचपत राहिला.