दोन तारे

तीन आठवडे स्वयंपाकघराच्या टेबलावर
ओरेस्ट वजनं लिहीत होता :
दहा इंची आरसा, बत्तीस किलो, मुका.
सहा इंची, अकरा किलो, त्याला सगळं आकाश तोंडपाठ.
गुडघ्यानं निकाल दिला.

सास्काटूनमधलं मागचं अंगण. उणे नऊ.
शेजारी बाबियाकांच्या गॅरेजचा दिवा अजून चालूच.
यंत्र घरघरलं, पडद्यावर लाल अक्षरं :
आधी दोन तारे दाखवा.

हसला. म्हणाला, बघ, एवढं तरी विचारतंय.
हातमोजा काढून अभिजित धरला,
मग ब्रह्महृदय,
चाळीस वर्षांच्या सवयीनं, न चाचपडता.

पुढे देवयानी शोधावी लागली नाही.
ती आली.
काचेवर सोडलेल्या श्वासाएवढी.

मी डोळा लावला. तो मात्र
कुंपणापाशी, मान वर करून,
नुसत्या डोळ्यांनी
तीच जागा बघत होता.