शेवटचा धागा कुणाचा

साखर पेठेत खालच्या मजल्यावर अजून तीन माग चालतात.
वर मी. टेबल थरथरतं, कपातल्या चहावर
बारीक गोल लाटा,
आणि पडद्यावर मी लिहिते:
आयत म्हणजे दोन बिंदू.
वरचा डावा, खालचा उजवा. बाकीचं त्यातूनच निघतं.

मल्लेशम मामा जिना चढून येतात, चष्मा कपाळावर.
चाळीस वर्षं ग्राफ मास्तर:
एका चौकोनाला एक धागा, असे मोर भरले
सोलापुरी चादरींसाठी, लाल-हिरव्या पेन्सिलीनं.
"शून्य वर कशाला? आम्ही खालून मोजायचो.
तुझा मोर डोक्यावर उभा राहील."
राहिलाच होता, पहिल्या दिवशी, तासभर.

मग त्यांनी उजव्या कडेवर बोट ठेवलं.
"हा शेवटचा धागा कुणाचा?"
आपला नाही, मामा. डावी कड आपली, उजवी शेजाऱ्याची.
असं ठरवलं की दोन चौकटी लागून बसतात,
मध्ये भेग नाही,
एकही धागा दोनदा मोजला जात नाही.
मामा बराच वेळ गप्प.
"आम्ही चौघा भावांनी घर वाटलं
तेव्हा हे कुणी सांगितलं नाही."

चित्राचा तुकडा कुणी मागितला
तर मी कापून देत नाही, खिडकी देते.
पिक्सेल तेच.
खिडकीतून मोराचा डोळा लाल केला
की अख्ख्या चादरीतला डोळा लाल.
"कात्री नाही?"
आहे. पण वेगळी मागावी लागते.

एक ओळ मात्र मी त्यांना दाखवली नाही:
रिकामे आयत सगळे समान.
रुंदी नाही, उंची नाही, मग ते कुठेही असोत.
चाचण्या हिरव्या.

खाली उतरताना चौथ्या मागाची जागा लागते.
गेल्या बुधवारी तो भंगारात गेला.
फरशीत बोल्टांची चार भोकं,
मधे तेलाचा काळा डाग,
कापसाचा भुगा अजून तिथंच येऊन बसतो.
मामा त्या चौकटीला वळसा घालून गेले,
खांदा आत घेऊन, धोटा लागू नये म्हणून.
मागोमाग मीही.

वर येऊन ती ओळ पुन्हा वाचली.
बरोबर आहे. ठेवली तशीच.
जेवणाची सुट्टी झाली, माग थांबले.
कपातला चहा सपाट.