आढळले नाही

बोअर क्रमांक सात. झाकण उघडलं की
आधी नाक पुढं जातं, मग टेप.
टेपच्या टोकाला एक शहाणा दांडा आहे:
पेट्रोलात बुडाला की सलग ओरडतो,
पाण्याला लागला की थांबून थांबून, टिक टिक.
पहिल्या वर्षी तो बेचाळीस सेंटिमीटर
सलग ओरडत खाली गेला होता.
मी आकडा लिहिला. हात पुसला. पुन्हा मोजला.

उचगावच्या वळणावरचा पंप.
जमिनीखालची टाकी शिवणीला उसवलेली,
किती वर्षं, कुणालाच धड माहीत नाही.
स्टॉकच्या वहीत रोज थोडी तूट
आणि तुटीपुढं रोज एकच शब्द: उन्हानं.

आक्काताई चौगुलेंना माहीत होतं.
त्यांच्या चहाला गॅरेजचा वास होता,
धुतलेल्या लुगड्याला, लेकीच्या ओल्या केसांना.
"तुमच्या नाकातच दोष हाय," पंपावर म्हणाले.
दुसऱ्या दिवशी त्या तांब्या घेऊन आल्या,
मॅनेजरच्या टेबलावर ठेवला, शेजारी काडेपेटी.
"लावा की काडी. पाणीच हाय न्हवं?"
कुणी लावली नाही.
ती काडेपेटी अजून फाइलीत आहे,
प्लास्टिकच्या पिशवीत, क्रमांक घालून.

मग आम्ही आलो. बारा बोअर, एक ब्लोअर.
वर मुरूम, मुरमाखाली काळा पाषाण,
पाषाणाला भेगा, आणि भेगा शोधायला
पेट्रोलला कुणी शिकवावं लागत नाही.
आम्हाला शिकावं लागलं.

खणलेली माती ताडपत्रीवर पसरली,
कारखान्यातून बगॅस आणलं, दोन ट्रॉल्या प्रेसमड,
हिशेबानं युरिया.
माती उलथायला दस्तगीर शिकलगार आला,
साठी ओलांडलेला, कान चुरगळलेले,
तीस वर्षं तालमीत हौदा खणलेला माणूस.
मूठ उचलली, हुंगली, तोंड फिरवलं.
"मातीला आमी बी तेल पाजतो," म्हणाला,
"ताक, हळद, लिंबू. पोरागत राखतो.
हिला हे कुणी पाजलं?"
मी त्याला जिवाणूंबद्दल सांगितलं,
पेट्रोल खाणारे, डोळ्यांना न दिसणारे;
त्यांना हवा लागते, ओल लागते, वेळ लागतो.
"म्हंजे खुराक," तो म्हणाला, आणि फावडं मारलं.
दर गुरुवारी. वरची खाली, खालची वर.
थंडीतसुद्धा ढीग आतून कोमट असायचा.
कोपरापर्यंत हात घालून तो सांगायचा,
"खात्यात. आज बरं खात्यात."
प्रयोगशाळा तेच सांगायची चार दिवसांनी,
साडेतीन हजार रुपये घेऊन.

पाणी मात्र हट्टी.
उपसलं की स्वच्छ, आठवडाभर थांबलं की पुन्हा
वर तवंग, मोराच्या मानेच्या रंगाचा.
परवा पार्किंगच्या डबक्यात मुलानं बोट दाखवलं,
"आई, मोरपीस!"
मी आधी वाकून वास घेतला.

सहा वर्षं.
बेचाळीस. एकोणीस. सात.
पुराच्या वर्षी पुन्हा अकरा;
त्या रात्री मला जेवण गेलं नाही.
मग दोन. मग नुसता ओरखडा.
यंदाच्या मार्चमध्ये दांडा गप्प उतरला
आणि थेट टिक टिक.

अहवालात बेंझीनपुढं छापून आलं: आढळले नाही.
कागद घेऊन आक्काताईंकडं गेले.
"म्हंजे न्हाईच?"
खोटं बोलणं सोपं होतं, त्यांना हवंही असावं.
मी म्हणाले, म्हणजे आमच्या यंत्राला
दिसेल इतकं नाही.
त्यांनी चष्मा पुसला. विहिरीवर गेल्या.
रहाट करकरला. इतक्या वर्षांत
त्याला तेल घालायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं.
पहिली बादली अबोलीला.
दुसरी समोर ठेवून उकिडव्या बसल्या,
नाक पाण्याजवळ नेलं. बराच वेळ.
मी आकडा स्थिर व्हायची वाट पाहते
तशी उभी होते.

"फुडच्या म्हैन्यात ये," म्हणाल्या,
आणि तीही अबोलीलाच ओतली.