हात वर

दुलूथला नोव्हेंबरात चारलाच अंधारतं.
अर्लीन कोस्केला शाळेची पिवळी बस डेपोत लावते,
घरी येते,
आलेलं टपाल न फोडता ब्रेडच्या डब्यात टाकते.
तीन कार्डं. वेनच्या हृदयाची दोन बिलं.
हृदय थांबलं, बिलं चालू.

तेव्हा आला तो आवाज.
ब्रँडन. नुसतं ब्रँडन, आडनाव नाही.
"मॅडम, एकतीस हजारांचे चौदा करून देतो.
बँकेचे फोन घेऊ नका, त्यांना काही देऊ नका.
आम्हाला द्या."
काय मऊ बोलायचा!
तळ्यावर बर्फ धरला का, विचारायचा,
जसा दूर नोकरीला गेलेला भाचा.
महिन्याला चारशे बारा डॉलर, चौदा महिने.
तिने केस घरीच कापले,
हीटर दोन आकडे खाली आणला,
आणि घंटा वाजली की
उशी घालायची फोनवर.

मग एका बुधवारी दारात समन्सवाला,
पायपुसण्यावर बुटांचा बर्फ झटकणारा,
बिचारा सभ्य.
बँकेला एक सेंटही पोचला नव्हता.
ब्रँडनच्या नंबरावर यंत्रातली बाई:
हा क्रमांक आता वापरात नाही.

आठवड्याने दुसरा आवाज, तितकाच गोड:
"तुमचे बुडालेले पैसे सोडवून देतो,
आधी फक्त दोनशे भरा."
हिला बरं कळलं, काय बुडालं ते!
अर्लीनने फोन कापला नाही,
केटलीशेजारी ठेवून दिला.
बोल म्हटलं हिच्याशी.

वाचनालयाच्या तळघरात, गुरुवारी,
फुकट सल्ला देणारी वकील नदीन ओबर्ग,
सर्दीने नाक लाल.
सगळं ऐकून घेतलं, आणि तो शब्द उच्चारला
जो अर्लीनच्या बापाने घरात कधी येऊ दिला नव्हता:
दिवाळखोरी.
"आपण कुणाचं बुडवत नाही," म्हणायचा तो,
खाणीतून आल्यावर, नखं घासत.
"हा कायदा आहे," नदीन म्हणाली, "भीक नाही.
सगळंच पुसलं जाईल असं नाही.
दहा वर्षं नोंद राहील.
पण हे मी आत्ताच सांगतेय,
पैसे घेऊन झाल्यावर नाही."

मग यादी. घरात काय काय आहे?
जुनी ब्युइक. बर्फ उडवायचं यंत्र.
वेनचं अकॉर्डियन.
"त्याचे किती लिहू?"
वाजवणारा नसेल तर किती धरतात,
अर्लीनने खरंच विचारलं.
नदीनने नाक पुसलं, चाळीस लिहिले.

धनकोंची सभा होती एका खोलीत,
ट्यूबलाइट, पाण्याचा थंड नळ,
खुर्च्या पंधरा-वीस.
रात्रभर तिने त्या भरलेल्या पाहिल्या होत्या:
कार्डवाले, इस्पितळवाले, मागच्या रांगेत बाप.
एकही धनको आला नाही.
टेबलामागच्या माणसाने कागद चाळले,
उजवा हात वर करा, म्हणाला.

माझ्या भाषेत हात वर करणं म्हणजे
नाही जमत, माझ्याच्याने होणार नाही.
तिच्या भाषेत ती शपथ होती,
खरं सांगेन.
तिचा हात मात्र एकच होता,
स्टिअरिंगने घट्टे पडलेला,
थोडा थरथरणारा,
आणि दोन्ही अर्थ त्यात मावले.

सहा मिनिटं. संपलं.
वेनच्या दुखण्यात याहून जास्त वेळ
पार्किंगमध्ये जायचा.

ब्रेडच्या डब्यात आता ब्रेड असतो.
झाकण उघडताना
अजून दचकते ती.