मुळाशी बोटभर

काचेच्या तळाची बादली पाण्यावर टेकवून
ओथनियेल कोलब्रुक तिच्यात तोंड घालतो,
जणू विहिरीत कुणाला हाक मारणार आहे.
मारत नाही. नुसता बघतो.
अँड्रॉस बेटाच्या पश्चिमेचा हा उथळ, दुधी समुद्र,
मैलोन्‌मैल पुरुषभरही खोल नाही.

खाली स्पंज.
काळा, भिजल्या मेंढीसारखा,
पण कुठल्याच कळपातून न हरवलेला.
डोळे नाहीत, काळीज नाही,
सगळं अंग म्हणजे दारंच दारं,
आणि समुद्र आत येतो, बाहेर जातो,
पायाची माती उंबऱ्यावर झटकून.

प्राणी आहे हा, ओथनियेल सांगतो.
नातवाला पटत नाही.
पळत नाही, चावत नाही, कसला प्राणी?
"मग तुझी पणजी कोण?"

पणजी पर्सिला तीन वर्षं खाटेवर.
तिला रोगाचं साल तेवढं आठवतं:
आकड्याला स्पंज लागायचा
आणि वर येईतो त्याची लापशी व्हायची.
तिचा बाप रिकाम्या बोटीत उभा राहून
पाण्याला शिव्या घालत होता.
बाकी सगळं पुसलं. लेकाचं नावसुद्धा.

ओथनियेल कापतो, पण मुळाशी बोटभर ठेवतो.
"का?"
"परत येतो."
"कधी?"
"तुझा आवाज फुटेल तेव्हा."

मग चार दिवस उन्हात, बोटीच्या फळ्यांवर,
तो सावकाश मरतो.
वास असा, की गावची कुत्रीही
वारा बघून वाट बदलतात.
मग बुडवा, बडवा, पिळा, पुन्हा बुडवा.
उरतं ते पिवळं, हलकं, मऊ.
दुकानात त्यालाच स्पंज म्हणतात.
हाडं म्हणत नाहीत.

बुधवारी व्यापारी येतो, मोजून नेतो.
एक मात्र ओथनियेल शर्टाखाली दडवतो,
स्वतःचाच माल, चोरासारखा.

संध्याकाळी कोमट पाणी.
आईला कुशीवर वळवून तो तिची पाठ धुतो,
मणका, मग मणका,
मध्ये थांबून, कारण तिला थंडी वाजते.
म्हातारी डोळे मिटूनच म्हणते,
"बाबा आले वाटतं. वास येतोय."

तो काही बोलत नाही. पिळतो.
पाणी पातेल्यात पडत राहतं.
इझ्रा दारात उभा आहे, डाव्या हाताचं बोट
उजव्या हाताच्या बोटाशी लावून,
त्याला विचारायचंय:
बोटभर म्हणजे कुणाच्या बोटाचं?