बंद करण्याचं काम

मुहर्रकच्या बाजारामागे, हलवेवाल्याच्या माडीवर
यूनिसचं रेकॉर्डचं दुकान.
जॉबकार्डावर लिहिलेलं: दीड टन, स्प्लिट, आवाज करतोय.
ऑगस्ट. संध्याकाळचे सात.
हवा इतकी ओली की शिडी हातातून निसटत होती.

आत खोकी भिंतीला सरकवून
सतरंजीएवढी जागा केलेली.
माणसं सतरा. मला धरून अठरा,
पण मला कुणी धरलं नव्हतं.
मी शिडीवर, तोंडात स्क्रू,
खाली एक मुलगी ऊदच्या खुंट्या पिळत होती.
पिळायची, कान लावायची, मान हलवायची: नाही.
मग तिनं वर पाहिलं. माझ्याकडे नाही, युनिटकडे.
"हा भलत्याच सुरात गातोय," इंग्रजीत म्हणाली,
"ह्याला गप्प करता येईल?"

अकरा वर्षं झाली मला ह्या बेटावर.
लोकांनी शिव्या देऊन, चहा पाजून,
एकदा तर पाच दिवसांचं बाळ पुढे करून
माझ्याकडून एसी चालू करून घेतलेत.
बंद कर, असं कुणी म्हणालं नव्हतं.

मी स्विच पाडला.

दुकान एकदम मोठं झालं.
हलव्याच्या कढईत खालती फिरणारा उलथना ऐकू आला,
कुणाच्यातरी बांगड्या,
यूनिसचं दम्याचं छातीतलं शिटीसारखं काहीतरी.
मी शिडी उचलून निघणार
तर मागून घरघर सुरू.
खोल, जाड, एका पट्टीत.
आयला, म्हटलं, फेज उलटा आला की काय,
आणि वळलो टेस्टर काढून.

युनिट मेल्यासारखं पडून होतं.
घरघर त्या तीन पोरांच्या पोटातून येत होती.
ओठ मिटलेले, डोळे मिटलेले,
एक जण तर बँकेचा बिल्ला शर्टावर तसाच ठेवून आलेला.
त्या आवाजाच्या पाठीवर
मुलीनं आपला आवाज ठेवला,
जपून, होडीत पाय ठेवतात तसा.

तिसऱ्यापाशी मातीचं मडकं.
आमच्याकडे गुहागरला घुमट असतं, त्याला कातडं लागतं.
ह्याला काहीच नाही. नुसतं तोंड,
आणि त्या तोंडावर तळहात.
आमचा गणपतकाका म्हणायचा, कातडं बोलतं, माती ऐकते.
काका, इथे माती बोलत होती.

अरबीतलं मला कळतं ते कामापुरतं:
पाणी, वीज, उद्या, पैसे नाहीत.
गाण्यात ह्यातलं काही नव्हतं.
एकच शब्द वरचेवर यायचा, नाखुदा, या नाखुदा,
तिसऱ्यांदा आला तेव्हा माझ्या डोक्यात तो वळला:
नाखवा.
नाखवा म्हणजे आमच्या आळीतला धोंडू नाखवा,
मचव्यावर पाय फाकून उभा राहणारा, आणि उधारी बुडवणारा.
तो इथे कुठे आला?
की इथूनच तिकडे गेला होता?

सगळे घामानं निथळत होते.
कुणी उठलं नाही.
एका बाईनं रेकॉर्डच्या कव्हरानं वारा घ्यायला घेतला
आणि यूनिस गाणं चालू असताना कुजबुजला,
"ते चार दिनारचं आहे."

नंतर त्यानं मला सांगितलं, मोत्यांच्या जहाजावर
एक माणूस फक्त गायला असायचा.
बुडी मारायची नाही, दोर ओढायचा नाही,
तरी त्याला वाटा.
"आणि लोकांना वाईट नाही वाटायचं?"
"तो नसला तर वाटायचं."

जॉबकार्ड भरायचं होतं.
काय काम केलं, ह्या रकान्यात
गॅस भरला, फिल्टर धुतला, कॉइल साफ, असं लिहायची सवय.
मी लिहिलं: बंद केला.
यूनिसनं सही केली, बिनतक्रार,
तीन दिनार दिले.
एक खिशातला घालून मी त्यांची छोटी रेकॉर्ड घेतली.
लुलवा नावाच्या त्या मुलीनं कव्हरावर सही करताना विचारलं,
"प्लेअर कुठला आहे तुझ्याकडे?"
मी म्हटलं, "आहे एक."

नाही.
खोलीत आम्ही पाच जण, एक विंडो एसी,
रेकॉर्ड माझ्या गादीखाली, सपाट राहावी म्हणून.
रात्री दोनला कॉम्प्रेसर धक्का देऊन सुरू होतो,
तांडेल कूस बदलतो.
मी ओठ मिटून त्याचा सूर पकडायला बघतो.
खूप खाली जावं लागतं.
तांडेल म्हणतो, पोट दुखतंय का रे?